नोकरीनिमित्त कोरियात जोडीने राहायला येताय? कागदपत्रांपासून वीकेंडच्या भटकंतीपर्यंत

दोघांपैकी एकाला सोल, सुवॉन, योंगिन भागात नोकरी लागलीय आणि दुसरा किंवा दुसरी एफ-3 म्हणजे डिपेंडंट व्हिसावर सोबत येतेय, अशा मराठी जोडप्यांसाठी हे लिहितेय. मी स्वतः एफ-3 वरच आले, सुवॉनला राहते, आणि नवीन येणारे लोक तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

आधीच एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ज्याला नोकरी आहे त्याचं सगळं कंपनीचा एचआर करून देतो. घरी राहणाऱ्याचं कोणी करत नाही. फोन नवऱ्याच्या नावावर, बँक नवऱ्याच्या नावावर, मग साधी डिलिव्हरी मागवायची तरी तो मीटिंगमधून बाहेर यायची वाट बघायची. हे होऊ देऊ नका. पहिल्या दोन महिन्यांत दोघांचंही रेसिडेन्स कार्ड, फोन आणि खातं आपापल्या नावावर झालंच पाहिजे, इथलं निम्मं एकटेपण त्यानेच कमी होतं.

1. भारतातून निघण्याआधी

ही कागदपत्रं जमवा:

- पासपोर्ट, आणि दोघांच्याही पासपोर्टच्या दोन-तीन झेरॉक्स
- लग्नाचं सर्टिफिकेट, अपोस्टिल केलेलं (म्हणजे परदेशात चालावं म्हणून आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घेतलेलं)
- टीबी तपासणीचा रिपोर्ट (लाँग टर्म व्हिसासाठी भारतीयांना लागतो, आणि कोरियन दूतावासाने ठरवून दिलेल्या हॉस्पिटलचाच चालतो)
- 3.5 बाय 4.5 सेंटिमीटरचे फोटो, पांढरं बॅकग्राउंड, भरपूर
- डिग्री सर्टिफिकेट, अपोस्टिल करून. एफ-3 वाल्यानेही करून आणा, पुढे इथेच नोकरीचा व्हिसा करायचा झाला तर हेच लागतं

लग्नाचं सर्टिफिकेट हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. व्हिसाला लागतं, इथे रजिस्ट्रेशनला लागतं, हेल्थ इन्शुरन्समध्ये जोडीदाराचं नाव टाकायला परत लागतं. आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल असा क्रम आहे, त्यात वेळ जातो, त्यामुळे ऑफर लेटर हातात आलं की लगेच हेच काम सुरू करा. सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असं असेल तर तेही तिकडेच निस्तरा, इथून भारतातली कागदपत्रं दुरुस्त करणं फार त्रासाचं आहे.

सामानात आपला मिक्सर आणि कुकर आणायचा की नाही हे सगळे विचारतात. वीज इथेही 220 व्होल्टच आहे, पण फ्रीक्वेन्सी 60 हर्ट्झ आहे आणि सॉकेट गोल दोन पिनांचं, आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. मिक्सरच्या लेबलवर 50/60 हर्ट्झ लिहिलं असेल तर बिनधास्त आणा. कुकर आणणार असाल तर इंडक्शन बेसचा.

2. पहिले 90 दिवस: रेसिडेन्स कार्ड

आल्यापासून 90 दिवसांच्या आत इमिग्रेशन ऑफिसात रजिस्ट्रेशन करावं लागतं. हायकोरिया नावाच्या सरकारी साइटवर आधी अपॉइंटमेंट घ्यायची. आणि इथेच लोक अडकतात, कारण 90 दिवस म्हणजे खूप वाटतात पण अपॉइंटमेंटच्या तारखा आठवडे आठवडे पुढच्या मिळतात. त्यामुळे येऊन बॅगा उघडल्या की पहिल्याच आठवड्यात दोघांसाठी वेगवेगळा स्लॉट घ्या, एका स्लॉटमध्ये दोघांचं करून देतील असं गृहीत धरू नका. सोबत पासपोर्ट, फोटो, फॉर्म, घराचा करार किंवा राहण्याचा पुरावा, फी आणि लग्नाचं सर्टिफिकेट. कार्ड हातात यायला काही आठवडे लागतात.

घर बदललं की 15 दिवसांच्या आत नवीन पत्ता कळवावा लागतो, नाहीतर दंड. शंका आली तर 1345 वर फोन करा, ती इमिग्रेशनची हेल्पलाइन आहे, इंग्रजीत बोलतात. आणि एफ-3 वर परवानगीशिवाय कुठलंही पगाराचं काम करता येत नाही, तासाभराची इंग्रजीची शिकवणीसुद्धा नाही. ओळखीतून कोणी सुचवलं तरी आधी 1345 ला विचारा.

3. नावाचं स्पेलिंग एकच ठेवा

हा भाग मराठी लोकांनी नीट वाचावा. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि आडनाव वेगळं. कोरियन नाव असतं साधारण तीन अक्षरांचं, त्यामुळे इथल्या फॉर्मचे रकाने छोटे. बँकेतला माणूस नाव मध्येच कापतो, फोनच्या दुकानात मधली स्पेस उडवतात, कुठे आडनाव आधी कुठे नंतर. आणि इथे ऑनलाइन काहीही करायचं तर मोबाइलवरून ओळख पटवावी लागते, त्यात कार्ड, फोन आणि बँक यांच्यावरचं नाव एका स्पेसनेही वेगळं असेल तर पुढे जातच नाही. एररसुद्धा नीट सांगत नाही, नुसतं माहिती जुळत नाही एवढंच येतं.

म्हणून रेसिडेन्स कार्ड आलं की त्यावर जसं छापलंय तसंच, कॅपिटल अक्षरं, तोच क्रम, त्याच स्पेस, एका कागदावर लिहून फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक काउंटरवर तोच दाखवा. दुकानदाराने टाइप केल्यावर स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा. तिथे पाच मिनिटं गेली तरी चालतील.

4. फोन, बँक, इन्शुरन्स

क्रम असा: कार्ड, मग फोन, मग बँक. कार्ड येईपर्यंत प्रीपेड सिमवर भागवा. नंतर एसके टेलिकॉम, केटी, एलजी यू प्लस या तीन मोठ्या कंपन्या आहेतच, पण घरी राहणाऱ्यासाठी आल्टुल-फोन म्हणतात ते स्वस्त प्लॅन पुष्कळ होतात, नेटवर्क त्याच तिघांचं असतं.

बँकेत नवीन खात्याला रोजच्या ट्रान्सफरची मर्यादा बरीच कमी ठेवतात. घाबरू नका, पगार किंवा नियमित बिलं त्या खात्यातून जायला लागली की वाढवून मिळते. एफ-3 वाल्याला खातं कशाला हवं असं काउंटरवर विचारू शकतात, तेव्हा घरभाड्याचा करार किंवा फोनचं बिल दाखवता येतं.

हेल्थ इन्शुरन्स सरकारी आहे, नोकरी करणाऱ्याचा कंपनीतून सुरू होतो, जोडीदाराचं नाव मात्र सांगून टाकून घ्यावं लागतं, आपोआप होत नाही. एप्रिल 2024 पासून परदेशी कुटुंबीयांना सहा महिने राहिल्याशिवाय डिपेंडंट म्हणून घेत नाहीत असा नियम आलाय, तो ऐकून बरेच जण थांबून राहतात. पण नवरा-बायको आणि लहान मुलं त्यातून वगळलेली आहेत, तेव्हा थांबू नका. डॉक्टरकडे जाणं इथे फार सोपं आहे, सर्दीला ईएनटी, अंगावर रॅश आला तर स्किनवाला, थेट त्याच क्लिनिकमध्ये जायचं. औषधं मात्र क्लिनिकमध्ये नाही, चिठ्ठी घेऊन खालच्या फार्मसीत. अ‍ॅम्ब्युलन्स 119, पोलीस 112.

5. घर आणि कचरा

घर शोधायला बुदोंगसान म्हणजे एजंटकडे जावं लागतं. वॉल्से म्हणजे डिपॉझिट अधिक महिन्याचं भाडं, जॉन्से म्हणजे भली मोठी रक्कम एकदाच देऊन बिनभाड्याने राहणं. नवीन माणसाने वॉल्सेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे, जॉन्सेचे पैसे बुडाल्याची प्रकरणं इथे खूप झाली आहेत. भाड्याशिवाय ग्वाल्लीबी म्हणजे मेंटेनन्स वेगळा असतो, तो किती आणि त्यात पाणी, इंटरनेट काय काय येतं हे सही करायच्या आधी विचारा.

थंडीत घर जमिनीखालून गरम होतं, त्याला ओन्दोल म्हणतात. चार दिवस बाहेर जाताना बॉयलर पूर्ण बंद करू नका, पाइप गोठतात. पॅनेलवर वेछुल नावाचं बटण असतं, घराबाहेर असतानाचं, ते दाबून जा.

आता कचरा. शेजाऱ्यांशी पहिलं भांडण होतं ते यावरूनच, म्हणून सविस्तर. 1995 पासून इथे साधा कचरा फक्त ठरलेल्या पिशवीतच टाकायचा असा नियम आहे, जोंगन्यांगजे बोंगतू म्हणतात, सुपरमार्केटच्या कॅश काउंटरवर मागून घ्यायच्या. पिशवी आपल्या शहराची किंवा गूची, म्हणजे वॉर्डाची लागते, सोलची पिशवी सुवॉनला चालत नाही. ओला कचरा वेगळा. मोठ्या अपार्टमेंटमध्ये त्यासाठी एक मशीन असतं, आपलं कार्ड टेकवलं की झाकण वर उघडतं, कचरा ओतला की स्क्रीनवर वजन येतं आणि तेवढे पैसे मेंटेनन्समध्ये लागतात. त्यामुळे भाजीचं पाणी पूर्ण निथळून मगच न्यायचं.

पण ओला म्हणजे आपल्याला वाटतो तो ओला नाही. जनावर खाऊ शकेल तेच त्यात. कांदा-लसणाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, आंब्याची कोय, नारळाची करवंटी, चहाचा चोथा हे सगळं साध्या पिशवीत. पारदर्शक बाटलीचं लेबल सोलून, चेपून, झाकण लावून वेगळ्या डब्यात. जुनी गादी किंवा खुर्ची टाकायची तर पैसे भरून स्टिकर घ्यावा लागतो. पहिल्या वेळेला बिल्डिंगच्या वॉचमनकाकांना, इथे त्यांना आजॉशी म्हणतात, सरळ हाताने खुणा करून विचारा, ते स्वतः उभं राहून दाखवतात.

आणि रात्री नऊनंतर मिक्सर नको. वरच्या मजल्याच्या आवाजावरून इथे फार मोठे वाद होतात. वाटण संध्याकाळीच करून ठेवा.

6. जेवणखाण

शाकाहारी असाल तर हे ध्यानात ठेवा, मांस न दिसणं म्हणजे शाकाहारी नव्हे. सूप आणि भाजीचं पाणी सुक्या मासळीचं असतं, किमचीत म्हणजे इथल्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात सहसा कोळंबीचं मीठ किंवा फिश सॉस असतो. "गोगी प्पे जुसेयो" म्हणजे मांस काढून द्या, एवढं म्हणून भागत नाही कारण मासळी म्हणजे गोगी असं त्यांच्या डोक्यात नसतं. "सेंगसॉन-दो" म्हणजे मासेही, हे जोडा. त्यातल्या त्यात बिबिमबाप म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात बरा, अंडं-मांस सांगून काढता येतं. बौद्ध मठातलं जेवण मात्र निर्धास्त, तिथे कांदा-लसूणही घालत नाहीत, चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालेल.

किराणा: तूरडाळ, पोहे, हिंग, आटा, बासमती सोलमधल्या इतेवॉनला मशिदीच्या आसपासच्या दुकानांत मिळतं, आनसान स्टेशनसमोरच्या बाजारात मिळतं, सुवॉन स्टेशनच्या भागातही दुकानं आहेत, शिवाय ऑनलाइन घरपोच. कोथिंबीर 'गोसू' नावाने शोधा. मिरची छॉंगयांग गोछू घ्या, ती तिखट असते, बाकीच्या लांबट हिरव्या नुसत्या दिसायला.

माझी सगळ्यात आवडती खरेदी म्हणजे सॉंगनामचा मोरान बाजार. आपल्या आठवडी बाजारासारखाच, फक्त वाराऐवजी तारखेवर भरतो, ज्या तारखेच्या शेवटी 4 किंवा 9 येतात त्या दिवशी. सुइन-बुन्दांग लाइनवर मोरान स्टेशनला उतरायचं. पोत्यांची तोंडं गुंडाळून मूग, तीळ, शेंगदाणे, लाल सुक्या मिरच्या मांडलेल्या असतात, बाजूला मशीनवर तिळाचं तेल काढून बाटलीत भरून देतात, त्या वासाने माणूस तिथेच थांबतो. मुगाला नोकदू म्हणतात, सोललेला मिळाला की आपली धिरडी, मूगभजी सगळं होतं. रोख पैसे न्या. तारीख शनिवार-रविवारी आली की आम्ही दुसरा कुठलाच बेत करत नाही.

मोठी सुपरमार्केट्स मात्र वीकेंडला आधी बघून जा. कायद्याने त्यांना महिन्यातून दोन दिवस बंद ठेवावं लागतं, बऱ्याच ठिकाणी तो दुसरा आणि चौथा रविवार असतो, काही शहरांनी मधल्या वारी नेलाय.

7. फिरायला निघण्याआधी फोनमध्ये आणि खिशात

- बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड, दोघांचं वेगळं. सीयू, जीएस25 सारख्या दुकानात मिळतं, रिचार्ज सहसा रोखीनेच
- नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप. गूगल मॅप्सवर इथे चालायचे आणि गाडीचे रस्ते नीट मिळत नाहीत
- पापागो, भाषांतरासाठी. मेनूचा फोटो काढला की वाचून देतो
- काकाओ टी, टॅक्सीसाठी
- कोरेल या रेल्वे कंपनीचं अ‍ॅप, ट्रेनच्या तिकिटांसाठी
- 1330, टुरिस्ट हेल्पलाइनचा नंबर

बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं, हे नवीन लोक हमखास विसरतात. टेकवलं तर अर्ध्या तासाच्या आत दुसरी बस किंवा मेट्रो घेताना नव्याने पूर्ण भाडं लागत नाही, अंतराचाच फरक लागतो. मेट्रोत टोकाच्या सीट्स म्हाताऱ्या माणसांच्या आणि गुलाबी सीट गरोदर बायकांची, डबा रिकामा असला तरी तिथे बसू नका.

सोलमध्येच राहत असाल तर क्लायमेट कार्ड हा महिन्याचा पास बघा, 2024 मध्ये सुरू झालाय, पण तो मुख्यतः सोलपुरता आहे, सुवॉनवाल्यांना उपयोग कमी.

8. कुठे जायचं

सुरुवात सुवॉनच्या ह्वासॉंग किल्ल्यापासून करा. राजा जॉंगजोने आपल्या वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली आणि मग 1794 ते 1796 मध्ये हा किल्ला बांधला. बांधकामाचा अख्खा हिशोब, यंत्रांच्या चित्रांसकट, त्यांनी 1801 मध्ये छापून ठेवला, कोरियन युद्धात पडझड झाल्यावर 1970 च्या दशकात तोच बघून किल्ला परत उभा केला, आणि 1997 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. आपले बारा किल्ले 2025 मध्ये त्याच यादीत गेले, त्यामुळे मराठी माणसाने कागदपत्रं जपली की काय होतं हे इथे येऊन बघावं असं मला मनापासून वाटतं. तटबंदी साधारण 5.7 किलोमीटर, पाल्दालमुन या दरवाजाकडून चढलात तर चढ आधीच संपतो आणि संध्याकाळी बांगह्वासुर्युजॉंगच्या तळ्यापाशी पोचता, तिथे लोक चटई टाकून बसलेले असतात. डबा घेऊन जा.

ट्रेकची सवय असेल तर सोलचा बुखानसान डोंगर. बेगुन्दे शिखर 836 मीटर, पण नुसत्या आकड्यावरून सोपं समजू नका, शेवटचा टप्पा उघड्या ग्रॅनाइटवर लोखंडी दोराला धरून चढायचा आहे. सह्याद्रीतल्या खडबडीत दगडाची सवय असलेल्या पायाला हा दगड गुळगुळीत वाटतो, ओला असेल तर जाऊच नका. ग्रिपवाले हातमोजे घ्या. शूज नसतील तर बुखानसान-उइ स्टेशनजवळच्या सोल हायकिंग टुरिझम सेंटरमध्ये भाड्याने मिळतात. नॅशनल पार्कला प्रवेश फी 2007 पासून नाही.

सोलमधले राजवाडे: ग्यॉंगबोकगुंग मंगळवारी बंद, छांगदॉकगुंग सोमवारी. हानबोक म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख घालून गेलात तर फुकट प्रवेश. इछोनचं राष्ट्रीय संग्रहालय कायमच्या दालनांना फुकट आहे, पावसाचा किंवा कडाक्याच्या थंडीचा रविवार तिथे छान जातो.

गांगनुंगला समुद्र. 2018 च्या ऑलिम्पिकसाठी केटीएक्स म्हणजे वेगवान ट्रेनची लाइन टाकली, त्यामुळे सोलहून साधारण दोन तासांत पोचता. ग्यॉंगपो बीच, आनमोकची कॉफीची गल्ली, आणि ओजुखॉन हे घर चुकवू नका, पाच हजारच्या नोटेवरचे यी-ई आणि पन्नास हजारच्या नोटेवरची त्यांची आई शिन साइमदांग, दोघांशी जोडलेलं. शाकाहाऱ्यांना इथलं छोदांग टोफू आहे, पण रस्सा कशाचा ते विचारा.

ग्यॉंगजूला एका दिवसात जाऊन येऊ नका, मुक्काम करा. सिल्ला राजांची जुनी राजधानी, शहराच्या मधोमध गवताने झाकलेल्या टेकड्यांसारख्या समाध्या. बुल्गुक्सा मठ आणि सॉक्कुरामची बुद्धाची गुंफा पहिल्या दिवशी, वॉल्जी तळं रात्री दिवे लागल्यावर. केटीएक्सचं स्टेशन गावापासून लांब आहे, बस धरावी लागते.

बुसानला गेलात तर अर्धा दिवस किम्हेसाठी काढा. 'सामगुक युसा' या जुन्या ग्रंथात आहे की इ.स. 48 मध्ये अयुता देशाची राजकन्या हॉ ह्वांग-ओक समुद्रातून आली आणि गाया या जुन्या राज्याच्या राजा सुरोशी तिचं लग्न झालं. अयुता म्हणजे अयोध्या असं बरेच लोक मानतात. तिची समाधी, शेजारी तिने आणल्याचं सांगतात तो दगडी पॅगोडा, लाइट रेलने सहज होतं. आपण भारतीय आहोत कळल्यावर तिथली म्हातारी माणसं आपणहून बोलायला येतात.

मुक्कामी वीकेंड शांतपणे हवा असेल तर टेम्पलस्टे म्हणजे बौद्ध मठातला मुक्काम बुक करा. पहाटे फार लवकर उठवतात, जेवण पूर्ण शाकाहारी. नवरा-बायकोला बऱ्याच मठांत वेगळ्या खोल्या देतात, एकत्र हवी असेल तर बुक करतानाच विचारा.

जोडप्याचा एक फायदा सांगते: बऱ्याच हॉटेलांत काही पदार्थ किमान दोन माणसांसाठीच देतात. एकटा माणूस हात हलवत परत येतो, आपल्याला अडचण नाही.

9. कधी जायचं, कधी नाही

चेरीची फुलं सोल-सुवॉनकडे साधारण एप्रिलच्या सुरुवातीला, आठवडाभराचा खेळ. जूनअखेर ते जुलैअखेर पाऊस, डोंगर टाळा. ऑक्टोबर सगळ्यात सुंदर, पण सॉराकसान डोंगरावरची लाल पानं बघायला अख्खा देश निघतो, शनिवारी नको, शुक्रवारी सुट्टी काढता आली तर बघा. वसंतात धूळ असते, निघायच्या आधी हवेचा आकडा बघून मास्क घ्या.

सॉल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसॉक (सुगीचा सण) या सणांना ट्रेनची तिकिटं खूप आधी संपतात आणि हायवे तुंबतात. छुसॉक पौर्णिमेला असतो, 2025 ला तर 6 ऑक्टोबरला नेमका आपल्या कोजागिरीच्या दिवशी आला होता. त्या सुट्टीत सोल रिकामं असतं, बरीच छोटी दुकानं बंद, पण राजवाडे फुकट उघडे ठेवतात. तेव्हा गावाबाहेर जाण्याच्या भानगडीत न पडता शहरातच फिरा, रात्री हान नदीकाठी चटई आणि मसाला दुधाचा थर्मास घेऊन बसा. चटई जवळच्या दुकानात मिळते, दूध घरून आटवून न्यावं लागतं, केशर-वेलची इतेवॉनला.